एक बर्थ, दोन प्रवासी

गणपतीच्या साठ दिवस आधी, सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना, परळपासून विरारपर्यंतच्या कोकणी घरांत माणसं मोबाईल हातात धरून बसलेली असतात. एकानं कोकणकन्या उघडलेली असते, दुसऱ्यानं मांडवी, वहिनीच्या फोनवर तुतारी. प्रवाशांची नावं आणि वयं आधीच भरून ठेवलेली. आठ वाजतात, रेल्वेचं आरक्षण उघडतं, बोटं चालतात, आणि काही मिनिटांत हिरव्या आकड्यांच्या जागी वेटिंग दिसू लागतं. ज्यांना जागा मिळाली ते गावी फोन लावतात. उरलेले एसटीची चौकशी सुरू करतात.

या धांदलीत एक गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती बिनचूक घडते. हजारो लोक एकाच क्षणी एकच बर्थ मागत असतात आणि तो त्यांतल्या एकालाच मिळतो.

व्यवसायासाठी बनणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात हाच प्रश्न दडलेला आहे. साडीच्या दुकानाची वेबसाइट, कारखान्याच्या गोदामाचा हिशेब, दवाखान्याचं नंबर लावणारं ॲप, मंगल कार्यालयाच्या तारखा: सगळीकडे वस्तू एक आणि मागणारे अनेक. ग्राहकाला पडदा दिसतो, त्यावरचे रंग आणि बटणं दिसतात. खरं काम पडद्यामागच्या वहीत चालतं. तिलाच डेटाबेस म्हणतात. सॉफ्टवेअर करून घ्यायला निघालेला माणूस मात्र बहुधा पडद्याबद्दलच बोलत बसतो आणि वहीचा विषय निघतच नाही. रेल्वे आरक्षणाची गोष्ट सविस्तर सांगायची ती यासाठी. भारतात ही वही इतक्या ताणाखाली इतकी वर्षं क्वचितच कुठे चालली असेल.

हा प्रश्न सगळ्यात आधी विमान कंपन्यांच्या गळ्याशी आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकन एअरलाइन्सच्या आरक्षण कचेरीत उड्डाणांची कार्डं एका गोल फिरत्या चवडीत रचलेली असत. तिच्याभोवती आठच कारकून बसू शकत, म्हणजे धंदा वाढला तरी वही उघडणारे हात आठच. एका आरक्षणाला दीड तासही लागे. १९५३ मध्ये एका विमानात कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांच्या शेजारच्या आसनावर योगायोगानं आयबीएमचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ बसले. आडनाव एकच निघाल्यानं गप्पा सुरू झाल्या, आणि त्या गप्पांतून ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण प्रणाली जन्माला आली. १९६० मध्ये तिची पहिली यंत्रं बसली आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं आरक्षण तिच्यावर आलं. आजच्या ऑनलाइन दुकानांची कुळकथा शोधत गेलं तर ती या तिकिटांपाशी येऊन थांबते.

आपल्याकडे तेव्हा आणि पुढची दोन दशकं रेल्वेच्या खिडकीमागे कागदाची वही होती. गाडीनिहाय, तारीखनिहाय वेगळी. परतीचं आरक्षण हवं असेल तर दुसऱ्या टोकाच्या स्टेशनाला तार जाई आणि उत्तराची वाट पाहावी लागे. त्या वहीचा एक मोठा गुण होता: ती एका वेळी एकाच कारकुनाच्या हातात असे. त्यामुळे एकच बर्थ दोघांच्या नावावर चढणं अवघड होतं. वही संगणकात गेली, शेकडो खिडक्यांवरून एकाच वेळी उघडता येऊ लागली, आणि हा फुकट मिळालेला गुण गेला. तो आता मुद्दाम, विचार करून बांधावा लागणार होता.

१९८५ मध्ये दिल्लीत ‘इम्प्रेस’ नावाच्या प्रणालीनं ही सुरुवात झाली. ती बनवली सीएमसी या सरकारी कंपनीनं. आयबीएमनं भारत सोडल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीकडे आली होती. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या या कंपनीनं पुढे देशातल्या काही सर्वांत अवघड प्रणाली बांधल्या. (नंतर ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.) १९८६ मध्ये रेल्वेनं स्वतःची संस्था काढली: सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे क्रिस. क्रिसनं ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली उभी केली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली, आणि १९९९ पासून कोणत्याही खिडकीवरून देशातल्या कोणत्याही गाडीचं तिकीट काढता येऊ लागलं. आज तिकिटावर दिसणाऱ्या दहा आकडी पीएनआरचे पहिले तीन आकडे नोंद कोणत्या केंद्रात आहे ते सांगतात. पाच वह्यांची ती खूण अजून टिकून आहे.

यात संगणकाहून अवघड होते ते नियम. आरएसी, वेटिंग, महिलांचा कोटा, ज्येष्ठांना खालचा बर्थ, मधल्या स्टेशनांना ठरवून दिलेल्या जागा, निरनिराळ्या सवलती. शिवाय एकच बर्थ मुंबई ते रत्नागिरी एका प्रवाशाला आणि रत्नागिरी ते मडगाव दुसऱ्याला देता येतो. म्हणजे एका बर्थवर दोन प्रवासी ही कधी चूक असते आणि कधी योग्य नोंद. वहीला नुसता बर्थ सांभाळून चालत नाही, त्याचा स्टेशनागणिक तुकडा सांभाळावा लागतो. हे ज्ञान कुठल्याही प्रोग्रामिंगच्या पुस्तकात नव्हतं. ते वर्षानुवर्षं खिडकीत बसलेल्या आरक्षण कारकुनांच्या डोक्यात होतं. चांगलं व्यावसायिक सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी म्हणूनच पहिले काही आठवडे एक ओळही लिहीत नाहीत. ती काउंटरच्या मागे बसून राहतात.

आता त्या वहीच्या आत डोकावायला हवं. १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांमध्ये मांडावी, तक्ते एकमेकांशी समान रकान्यांनी जोडावेत, आणि काय हवं ते सांगावं, ते कसं शोधायचं हे यंत्रावर सोडावं, असा त्याचा गाभा. प्रवाशांचा एक तक्ता, गाड्यांचा दुसरा, बर्थचा तिसरा. आज जगातल्या बहुतेक व्यवसायांचे हिशेब याच मांडणीत चालतात.

पण तक्ते मांडले म्हणून दोन प्रवाशांचं भांडण मिटत नाही. ते मिटवणाऱ्यांत जिम ग्रे यांचं नाव अग्रभागी येतं. त्यांनी ‘व्यवहार’ या कल्पनेला संगणकात नेमका अर्थ दिला. व्यवहार एकतर पूर्ण होईल किंवा झालाच नाही असं धरलं जाईल. अर्धवट काही उरणार नाही. एक व्यवहार बर्थ हातात घेतो तेव्हा त्या नोंदीला क्षणभर कुलूप लागतं, दुसरा थांबतो, आणि कुलूप उघडल्यावर त्याला दिसतं की जागा गेली. आणि झालेला व्यवहार वीज गेली तरी पुसला जाणार नाही.

ही शेवटची हमी कशी देतात? मराठी पेढीवरच्या जुन्या मुनिमाला ते लगेच समजलं असतं. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिही, ज्या क्रमानं घडला त्याच क्रमानं, आणि मग सवडीनं खतावणी करी. खतावणीचं पान फाटलं तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. डेटाबेसही हेच करतो. बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत उतरतो, ती डिस्कवर पक्की झाली की मगच ग्राहकाला ‘झालं’ असं सांगितलं जातं, आणि मूळ तक्ते मागाहून सावकाश बदलतात. मध्येच यंत्र बंद पडलं तर पुन्हा सुरू होताना ते ही रोजकीर्द वाचतं, पूर्ण झालेले व्यवहार चढवतं आणि अर्धे राहिलेले खोडून टाकतं.

ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी ते आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात एकटेच नावेनं गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या क्षेत्रातल्या मित्रांनी उपग्रहांची छायाचित्रं मिळवली, हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकावर ती डोळ्यांखालून घातली. नाव सापडली नाही. आज एकाच वहीत चाललेला व्यवहार सहसा मध्येच हरवत नाही, त्यामागे या माणसाची मोठी मेहनत आहे.

रेल्वेची वही अशी पक्की होती, म्हणूनच तिला इंटरनेटची खिडकी बसवता आली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आयआरसीटीसी या रेल्वेच्या कंपनीनं ३ ऑगस्ट २००२ रोजी ऑनलाइन तिकीट विक्री सुरू केली. तेव्हा पैसे इंटरनेटवर भरायचे आणि छापील तिकीट कुरियरनं घरी यायचं. २००५ मध्ये ई-तिकीट आलं, प्रवाशानं स्वतः छापून घ्यायचं. पुढे मोबाईलवरचा संदेशच तिकीट म्हणून चालू लागला. या प्रत्येक टप्प्यावर खिडकी बदलली, वही तीच राहिली.

गर्दी मात्र खिडकीला पेलेना. दहाच्या तात्काळला वेबसाइट गोठून जाणं हा अनेक वर्षं सगळ्यांचाच अनुभव होता. २०१४ मध्ये क्रिसनं बनवलेली नवी प्रणाली आली तेव्हा तिची क्षमता मिनिटाला ७,२०० तिकिटांची सांगितली गेली. आधीची २,००० होती. एकाच वेळी १ लाख २० हजार लोक तिच्यावर काम करू शकत, पूर्वी ४० हजार. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं काढली गेली. त्याच सुमाराला रेल्वेनं आणखी एक आकडा जाहीर केला, आणि तो विचार करायला लावणारा आहे: तात्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न माणसांचे नसून आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे होते. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली गेली आणि जुलैपासून ऑनलाइन तात्काळसाठी आधारची पडताळणी आली. म्हणजे वही बरोबर असूनही रांगेत कोण उभं आहे हा प्रश्न उरतोच. मर्यादित माल विकणाऱ्या प्रत्येकाला तो आज ना उद्या भेटतो.

पैशाचं काय? इथे अडचण वेगळी आहे. बर्थ रेल्वेच्या वहीत आहे आणि पैसे बँकेच्या वहीत. दोन वह्या, दोन मालक. बँकेत पैसे वजा झाले आणि तेवढ्यात मधला धागा तुटला तर एक वही ‘दिले’ म्हणते आणि दुसरी ‘मिळाले नाहीत’. पैसे गेले पण तिकीट आलं नाही, ही तक्रार याच फटीतून येते. दोन्ही वह्यांना एकाच कुलपात बांधणं शक्य नसतं, म्हणून रोज त्यांचा मेळ घालावा लागतो आणि न जुळलेली रक्कम परत करावी लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं यासाठी मुदती घालून दिल्या. कार्डानं किंवा यूपीआयनं व्यापाऱ्याला दिलेले पैसे त्याला पोचल्याची खात्री झाली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत आले पाहिजेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ग्राहकांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. ऑनलाइन दुकान काढणाऱ्याला तर माहीत असायलाच हवं.

वही आणि खिडकी दोन्हींची नीट आखणी न करता दार उघडलं की काय होतं, याचं ठळक उदाहरण अमेरिकेत घडलं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्यासाठी सरकारी वेबसाइट सुरू झाली. पहिल्या दिवशी लाखो लोक आले. नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. काम डझनावारी कंत्राटदारांत वाटलेलं होतं आणि सगळे तुकडे जोडून एकसंध चालतात का, ही चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत झाली, असं कंत्राटदारांनीच संसदीय समितीसमोर सांगितलं. त्यात आणखी एक निर्णय भोवला. नुसत्या किमती पाहायच्या तरी आधी खातं उघडायचं. दुकानात डोकावणाऱ्या प्रत्येकाला दारातच नाव-पत्ता लिहायला लावावं तसं ते होतं, आणि दारातच चेंगराचेंगरी झाली. पुढे बाहेरून बोलावलेल्या अनुभवी अभियंत्यांनी सगळ्या कंत्राटदारांना रोज एकत्र बसवलं, बिघाड सर्वांना एकाच फलकावर दिसेल अशी सोय केली, आणि काही आठवड्यांत वेबसाइट चालू लागली. अडलं होतं ते तंत्रज्ञानापेक्षा कामाची जबाबदारी एका जागी नसल्यानं.

भारतात ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा ‘बिग बिलियन डे’ झाला. कंपनीनं नेहमीच्या वीसपट गर्दीची तयारी केली होती, सुमारे ५,००० सर्व्हर लावले होते. तरी वेबसाइट अडखळली, माल संपला, दिलेल्या ऑर्डर रद्द कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सचिन आणि बिन्नी बन्सल या संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून माफी मागितली आणि कुठे कमी पडलो ते स्पष्ट सांगितलं. ग्राहक परत आले, यात त्या सरळ कबुलीचा वाटा होता असं म्हणायला हरकत नाही.

मोबाईल आल्यावर अनेकांना वाटलं, आता वेबसाइट हवीच कशाला. कपडे विकणाऱ्या मिंत्रानं मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं. वर्षभरातच ती पुन्हा उघडली, आधी मोबाईलवरची, मग जून २०१६ मध्ये संगणकावरची. ग्राहकाला कोणत्या खिडकीशी उभं राहायचं ते त्याचं तोच ठरवतो. मोबाईलची खरी अडचण निराळी आहे. आंबोली घाटात नेटवर्क जातं, बटण दाबलेलं पोचलं की नाही कळत नाही, माणूस पुन्हा दाबतो. साध्या प्रोग्राममध्ये दोन ऑर्डर पडतात. नीट बांधलेल्या प्रोग्राममध्ये पहिल्या दाबालाच ऑर्डरला एक क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर वही म्हणते, ‘ही नोंद झालेली आहे.’ अर्ध्या दिवसाचं काम, पण ते सुचावं लागतं.

आता देवगडचा एखादा हापूस बागायतदार घ्या. विक्रीचे दिवस मोजके, मार्च ते मे. अक्षय्य तृतीयेच्या आधी पुण्या-मुंबईहून मागणीचा लोंढा येतो. पेट्या मोजक्या, त्यातही परवा पिकणाऱ्या वेगळ्या आणि आज पाठवायच्या वेगळ्या. वेबसाइट करून देणारा त्याला आंब्याचे फोटो, फिरणारी चित्रं, हिरवा-केशरी रंग दाखवतो. बागायतदारानं विचारायला हवं ते हे: शेवटची पेटी दोघांनी एकाच वेळी घेतली तर कुणाला मिळेल? यूपीआयचे पैसे आले आणि ऑर्डर आली नाही तर मला संध्याकाळी कसं कळेल? एका तासात हजार लोक आले तर? आणि तू उद्या धंदा बंद केलास तर वेबसाइटचं नाव, प्रोग्राम आणि ग्राहकांची यादी कुणाच्या नावावर राहील? वेबसाइटचं नाव बनवणाऱ्याच्या ईमेलवर नोंदवलेलं असतं आणि तीन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही, हा प्रकार छोट्या व्यवसायांत वारंवार होतो.

कधी कधी उत्तर असं निघतं की नवं काही बनवूच नये. २००४ मध्ये कॅनडात टोबी ल्युट्के बर्फावर घसरण्याच्या फळ्या ऑनलाइन विकत होते. बाजारात मिळणारी दुकानाची सॉफ्टवेअर पसंत पडली नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचं लिहिलं, आणि दोन वर्षांनी फळ्यांऐवजी ते सॉफ्टवेअरच विकायला काढलं. तेच शॉपिफाय. अशा तयार दुकानात कुलूप, रोजकीर्द, पैशाचा मेळ हे सगळं आधीच बसवलेलं असतं. ज्याचा धंदा चारचौघांसारखा चालतो त्यानं महिन्याचं भाडं भरून तेच वापरावं. स्वतःचं बांधून घ्यावं ते जिथे नियम खरोखर वेगळे आहेत तिथे, रेल्वेच्या बर्थसारखे.

एक प्रश्न मात्र तयार दुकान घेणाऱ्यालाही सुटत नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका दमलेल्या अभियंत्यानं चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि ग्राहकांच्या माहितीचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम या कंपनीकडे ठेवतात. तिच्याकडे माहिती सुरक्षित ठेवण्याचे पाच मार्ग होते. एकही भरवशानं चाललेला नव्हता. काही तर कधी नीट सुरूच झाले नव्हते आणि ते कुणी तपासलं नव्हतं. दुसऱ्याच कामासाठी एका अभियंत्यानं सहा तास आधी हातानं घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून कंपनी वाचली. त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. शेवटचा हप्ता देण्याआधी एक दुपार मोकळी ठेवा. बनवणाऱ्याला समोर बसवा, एक कोरा संगणक घ्या, आणि कालच्या बॅकअपवरून तुमची वही त्यावर उभी करून दाखवायला सांगा. ग्राहकांची नावं, शिल्लक, कालची शेवटची ऑर्डर तुम्ही स्वतः वाचून पाहा. मग चेकवर सही करा.